पात्याचे पाणी

खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. ज्या घरात शस्त्र उरलेले नाही, त्या घरात विळी, कोयता, कात्री, शिवणयंत्र, मुलांची कंपासपेटी आणि हल्ली दारातली मोटारसुद्धा त्या दिवशी हळदकुंकवाची आणि झेंडूच्या फुलांची धनी होते. पुढे वीसएक दिवसांनी दिवाळी येते आणि पुण्याच्या वाड्यांतून, अंगणांतून, सोसायट्यांच्या जिन्यांखाली मातीचे किल्ले उभे राहतात. कसब्याच्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर चढतात. त्यांच्या हातांतल्या तलवारी बोटाच्या पेराएवढ्या असतात, पण किल्ला बांधणाऱ्या पोराच्या डोळ्यांना त्या चांगल्या लखलखताना दिसतात.

तलवार कोणाच्या हातात होती, हे इतिहास आपल्याला तपशीलवार सांगतो. तिने कोणाचे मस्तक उडवले, ती कोणत्या लढाईत मोडली, कोणत्या दरबारात नजर झाली, हेही सांगतो. परंतु योद्ध्याच्या हाती येण्यापूर्वी ती ज्या दहावीस हातांतून गेली, त्या हातांची हकीकत बखरकाराला लिहावीशी वाटली नाही. मी पेशाने शिक्षक आणि हौसेने कादंबरीकार. कादंबरीत तलवार विजेसारखी लखलखते, हे खरे. पण ती लखलखावी म्हणून कोणीतरी धुराने डोळे लाल करून घेतलेले असतात. त्या लाल डोळ्यांच्या माणसांविषयी दिवाळीच्या फराळाबरोबर चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

बखरीने जे लिहिले नाही, ते भाषेने मात्र जपून ठेवले आहे. आपण एखाद्याचे पाणी जोखतो, कोणाला धारेवर धरतो, कोणी अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडला म्हणून हळहळतो. दोन जावांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य असते आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे तर सर्वांच्या तोंडी आहे. यांतले पाणी जोखणे पाहा. पात्याला पाणी असते म्हणजे काय? ते लोहाराने दिलेले असते. 'पाणी देणे' हा लोहाराच्या धंद्यातला शब्द. त्याच्या भट्टीवरून तो आपल्या ओटीवर आला आणि माणसांना लागू झाला.

लोहार हा बारा बलुतेदारांतला. भाता, ऐरण, घण, हातोडा, सांडशी, छिन्नी आणि कानस एवढा त्याचा संसार. साधे लोखंड मऊ असते. त्याची धार लवकर मरते. पोलाद, ज्याला जुनी माणसे तिखे म्हणत, ते कठीण असते, पण महाग आणि ठिसूळ. म्हणून जाणता लोहार कोयत्याला वा कुऱ्हाडीला सबंध पोलाद वापरीत नसे. लोखंडाच्या कडेला छिन्नीने चीर पाडायची, तीत तिख्याची पट्टी बसवायची, टाकणखार टाकून दोन्ही पांढरी होईतो तापवायची आणि घणाच्या घावांनी एकजीव करायची. पाठ लोखंडाची, धार तिख्याची. पाठीने मार सोसायचा आणि धारेने कापायचे, अशी ही वाटणी.

यानंतर पाणी देण्याचा प्रसंग. पाते चेरीच्या फळासारखे लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, की ते कमालीचे कठीण होते; परंतु त्याच बरोबर काचेसारखे ठिसूळही होते. तसेच ठेवले तर पहिल्या घावाला तुकडा उडेल. म्हणून ते पुन्हा हलके तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. या वेळी घासलेल्या पात्यावर एकामागून एक रंग चढतात: आधी गवताच्या काडीसारखा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावरच थांबायचे, कारण त्याला नुसती धार हवी. ज्याला लवायचे आहे, घाव सोसायचा आहे, त्या पात्याला निळ्याच्या जवळ जाऊ द्यायचे. एक रंग चुकला की सगळी मेहनत फुकट. लोहाराच्या पडवीत अंधार असतो तो दारिद्र्यामुळेच असतो असे नाही. भर उन्हात तापल्या लोखंडाचा रंग नीट ओळखता येत नाही, म्हणून तो अंधार मुद्दाम राखलेला असतो. उष्णतामापक यंत्र नसताना त्याचा डोळाच यंत्र होता.

आता पोलादाविषयी. आपल्या दख्खनचे पोलाद एके काळी जगभर नावाजलेले होते. आजच्या तेलंगणातील निर्मळ आणि कोनासमुद्रम या भागांत ते तयार होई. शुद्ध लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालायचे, बरोबर लाकूड वा पाने ठेवायची, मूस मातीने लिंपून बंद करायची आणि तासन् तास भट्टीत ठेवून मग सावकाश निवू द्यायची. लाकडापानांतला कोळसा लोखंडात मुरे आणि मुशीच्या बुडाशी पोलादाची लहानशी वडी मिळे. इराणचे व्यापारी या वड्या नेण्यासाठी कोनासमुद्रमपर्यंत येत. त्या वडीपासून ठोकलेल्या पात्यावर हिराकसाचे पाणी फिरवले, की लाटांसारखी नक्षी उमटे. तिला जौहर म्हणत. ही नक्षी वरून काढलेली नसते. ती पोलादाच्या अंगातलीच असते. तेवढी मात्र एक अट: हे पोलाद फार तापवून चालत नाही. जास्त तापले तर हातोड्याखाली ते भुगा होऊन पडते. कमी उष्णतेवर, धीराने, असंख्य हलक्या घावांनी ते वाढवावे लागते.

१७९४ साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तेथे त्याला 'वुट्झ' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या सुरी-कातरीच्या कारागिराने त्यापासून वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे केली आणि आपल्या दुकानाच्या जाहिरातीत या पोलादाचे नाव मिरवले. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे यांनी पोलादावर प्रयोग केले. वीजशास्त्रातला एवढा मोठा पुरुष, पण त्याच्या तरुणपणच्या कामाला आमच्या दख्खनच्या मुशीने हातभार लावला, ही गोष्ट शाळेत सांगितली की मुले कान टवकारतात.

योगायोग असा, की त्याच १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये पुण्याची एक हकीकत छापून आली. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक लावून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते प्रत्यक्ष पाहिले. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी हीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. एका पात्याने नाक गेले आणि दुसऱ्या पात्याने ते परत आले! कपाळाची कातडी नेमकी तेवढीच उतरवायची, तर पाते पातळ हवे, त्याची धार सलग हवी आणि हात त्याहून स्थिर हवा. त्या वैद्याचे नाव त्या हकीकतीत नाही. त्याची जात तेवढी आहे.

आता एक गोष्ट अशी सांगतो, की जी ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. मराठ्यांच्या उत्तम तलवारींपैकी कितीतरींची पाती परदेशी होती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजांतून युरोपातली पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. सरळ, लांब, हलकी आणि लवचीक पाती आपल्या लोकांना आवडली. अशा पात्याच्या तलवारीला 'फिरंग' हे नावच पडले. जर्मन पात्याची ती 'आलेमानी'. दांडपट्ट्यालाही पुष्कळदा युरोपी पाते असे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजांना नजर झालेली आणि आज तेथील राजसंग्रहात असलेली 'जगदंबा' तलवार, तिचेही पाते युरोपी घडणीचे आहे.

यात कमीपणा कसला? परक्याचे चांगले पाते ओळखायला आधी आपल्याला पात्याची पारख हवी. फिरंग नुसते पाते घेऊन झाली नाही. तिला इथल्या कारागिराने मराठा मूठ चढवली, हाताचे संरक्षण करणारी रुंद परज दिली, मुठीच्या टोकाला दुसऱ्या हाताने धरायला दांडी दिली, पात्याच्या मुळाशी दोन्ही अंगांनी पोलादी आधार ठोकला. त्यामुळे घोड्यावरून घाव घालताना पाते मुठीत हलत नसे. सोलिंगेनचा लोहार आणि पुणे-साताऱ्याकडचा लोहार यांनी एकमेकांना जन्मात पाहिले नाही, पण दोघांनी मिळून एक तलवार केली. फरक इतकाच, की युरोपी पात्यावर पुष्कळदा कारखान्याचा शिक्का वा कारागिराचे नाव ठोकलेले असते. आमच्या मुठीवर सहसा काहीच नसते.

लोहाराइतकाच मोठा मान शिकलगाराचा. पाते ठोकून झाले म्हणजे काम निम्मे झाले. त्याला घासून, निसण्यावर फिरवून, उजळून, धार लावून शस्त्राचे रूप द्यायचे ते शिकलगाराने. 'सैकल' म्हणजे जिल्हई. त्या शब्दावरून हा धंदा आणि धंद्यावरून आडनाव. लाख आणि कुरुंदाच्या दगडाची पूड एकत्र करून त्याचे चाक बनवायचे. एकाने दोरीने ते फिरवायचे आणि दुसऱ्याने त्यावर पाते धरायचे. पाते जास्त दाबले तर तापते, आणि तापले की लोहाराने दिलेले पाणी उतरते. म्हणजे एकाने दिलेले दुसऱ्याने राखायचे. महाराष्ट्रात या धंद्यातली बरीच घरे मुसलमान आहेत. हर हर महादेव म्हणून उपसलेल्या तलवारीची धार एखाद्या शिकलगाराने नमाजाच्या आधी वा नंतर लावलेली असेल, आणि त्यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले नाही.

मोठ्या शस्त्रांचे कौतुक पुष्कळ होते. जेजुरीला खंडोबाचा जो मणभर वजनाचा खंडा पानसे सरदारांनी अर्पण केला आहे, तो दसऱ्याच्या उत्सवात उचलून धरण्याची आणि त्याच्या कसरती करण्याची चढाओढ लागते. ती पाहायला पुण्याहून माणसे जातात. परंतु कारागिराची खरी परीक्षा लहान पात्यात असते, असे मला वाटते. मोठ्या पात्यात चूक लपते, लहानात लपत नाही. बिचवा पाहा: दोनदा वळलेले वीतभर पाते, ते बाहीत मावले पाहिजे आणि मोडता कामा नये. वाघनखे तर मुठीत झाकतात. ग्रँट डफकडे असलेली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली वापरलेली ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयानेच स्पष्ट केले आहे. तरी माणसे आली. चार नखांची ती एवढीशी वस्तू पाहून म्हातारी माणसे हात जोडत होती.

आणि याहून लहान, याहून घरगुती पाते म्हणजे अडकित्त्याचे. पुण्याच्या शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे चष्म्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला आणि तो जन्मभर सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. बालपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव त्यांनी १९६२ साली संग्रहालयाला दिले आणि पुढे वीसेक हजार वस्तूंचा हा सगळा ठेवा सरकारच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या वस्तू कोणीही जमवील. केळकरांनी दिवे, वज्री, फण्या, कुलपे आणि अडकित्ते जमवले. मोराचे, पोपटाचे, घोड्याचे, एकमेकांकडे तोंड केलेल्या जोडप्याचे, असे नाना घाटांचे अडकित्ते तेथे पाहावेत.

अडकित्त्याची रचना साधी दिसते, पण तीत गंमत आहे. दोन बाहू एका टोकाशी खिळ्याने जोडलेले. सुपारी त्या खिळ्याजवळ, हात दूर. त्यामुळे बोटांचा जोर सुपारीवर कित्येक पटींनी पडतो. वरच्या बाहूला धार, खालचा बोथट. अंग पितळेचे असले तरी धारेची पट्टी पोलादाचीच हवी. खिळा सैल झाला की पाते डळमळते आणि सुपारीचा भुगा होतो. घट्ट झाला की बायकांचे मनगट दुखते. कातरकाम, ओतकाम आणि लोहारकाम तिन्ही त्या वीतभर वस्तूत एकत्र येतात. मोराच्या मानेवर पिसे कोरणाऱ्याला ठाऊक असे, की ही वस्तू पानाच्या तबकात पाहुण्यांपुढे जाणार आहे. तलवार कुलुपात असते. अडकित्ता रोज दहा हातांत फिरतो.

त्याहूनही इवली पाती आपल्या मुलींच्या भातुकलीत असतात. तुळशीबागेत मिळणाऱ्या पितळी भातुकलीच्या संचात चूल, जाते, परात यांच्याबरोबर बोटभर विळीही असते. तिने काकडीची चकतीसुद्धा नीट कापत नाही, आणि कापू नये हेच बरे. पण पाटावर उभे पाते आणि त्याच्या टोकाला नारळ खवण्याचा गोल, हा सारा घाट तिच्यात हुबेहूब असतो. मुलाच्या हाती किल्ल्यावरच्या मावळ्याची तलवार आणि मुलीच्या हाती विळी अशी वाटणी आपण करून ठेवली. नाहीतर पाते दोघांचेही एकच.

घरातल्या पात्याला आपण किती मानतो, ते पाहिले म्हणजे नवल वाटते. बाळंतिणीच्या उशाशी विळा वा कोयता ठेवतात, पाचवीच्या पूजेत तो मांडतात. लग्नात नवरदेवाच्या हाती लिंबू खोचलेली कट्यार असते, आणि कट्यार नसली तर सुरी. जन्मापासून बोहल्यापर्यंत लोखंड आपली राखण करते, अशी ही समजूत.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांपुढे हटली आणि पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. त्याच खडकीत इंग्रजांनी १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना काढला. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून तलवार बाळगणे गुन्हा ठरला. दुसऱ्या बाजूने शेफील्ड आणि सोलिंगेनच्या चाकू-कात्र्यांनी बाजार भरला. तलवारीला गिऱ्हाईक नाही आणि चाकूला भाव नाही, अशा अडकित्त्यात हा धंदा सापडला. मुशीतले पोलाद करणारे हात एकोणिसाव्या शतकात थांबले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉन व्हर्होव्हन या प्राध्यापकाने आल्फ्रेड पेंड्रे या लोहाराला बरोबर घेऊन त्या जौहराचे कोडे उलगडले. लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी किंचित अंश असला, तरच ती नक्षी उठते, असे त्यांना आढळले. प्राध्यापकाला लोहार लागलाच, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मात्र आमचा लोहार मेला नाही. तलवार गेली, तर त्याने कोयता, विळा, खुरपे ठोकले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या हत्यार कायद्याखालील नियमांतही ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांवर बंधन आहे. पण घरकामाची आणि शेतीची पाती त्यातून वगळली आहेत. कायद्याने जणू तलवार आणि विळी यांच्यात रेघ ओढली आणि लोहार त्या रेघेच्या अलीकडे राहिला. अलीकडे पुण्याच्या वर्तमानपत्रांतून कोयत्याचे नाव वाईट कारणाने येते. उसाच्या फडात कष्टकऱ्याचे पोट भरणारे ते हत्यार. ते भेकडाच्या हाती गेले तर दोष पात्याचा नव्हे.

गावोगाव फिरणारे घिसाडी आजही रस्त्याच्या कडेला भट्टी मांडतात. नवरा बसून सांडशीत लोखंड धरतो, लहान हातोड्याने घाव कोठे हवा ते दाखवतो आणि बायको उभी राहून घण घालते. पोर भाता हलवते. माझ्या वर्गात अशाच घरची एक मुलगी होती. आईबाप काय करतात, असे विचारल्यावर तिने खाली मान घालून 'लोखंडाचं' एवढेच सांगितले आणि मागच्या बाकावर कोणी हसले. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर पात्याचे पाच रंग क्रमाने लिहिले. रंगावरून पाणी कसे ओळखतात, ते सांग, असे मी तिला म्हटले. तिने मान वर केली. पिवळ्यावर खुरपे काढायचे नाही, दगडाला लागून तुटते, असे ती म्हणाली. मग सांगतच राहिली. जे पुस्तकात वाचून मी लिहिले होते, ते तिला रोज संध्याकाळी भट्टीपाशी दिसत होते. हसणाऱ्या मुलांनी तिला प्रश्न विचारले आणि तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

वाचकहो, आपल्या घराण्यात एखादी जुनी तलवार असेल तर ती कोणा पूर्वजाने गाजवली हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. परंतु या दिवाळीत चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करताना विळीच्या पात्यावर एकदा अंगठा हलकेच फिरवून पाहा. ते बोथट झाले असेल, तर टाकून देऊन नवे आणू नका. सायकलीवर चाक बसवून गल्लीगल्लीतून 'धाऽर' अशी हाळी देत जाणारा माणूस अजून पुण्यात येतो. त्याला बोलवा. धार लावून होईपर्यंत त्याला फराळाची बशी द्या, आणि जाताना त्याचे नाव विचारून घ्या.